बंदूकधारी नेत्याची मुलाखत घ्यायला निघालेल्या नव्या पत्रकारांसाठी

पत्रकारिता शिकणारी मुलं-मुली भेटली की गप्पांत एक प्रश्न हटकून येतो. नक्षल कमांडरची मुलाखत मिळवायची कशी? निरोप कुणामार्फत द्यायचा, कॅमेरा नेऊ देतात का, जिवाला धोका किती? मी नांदेडची. तालुक्याच्या बातम्यांपासून सुरुवात केली, मग किनवट-माहूर, तिथून आदिलाबादचा पट्टा आणि पुढं गडचिरोली, बस्तर असं काम वाढत गेलं. या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून एकदा बैजवार लिहून ठेवते.

नेत्याची भेट मिळणं हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग. त्याला जगापुढं काही मांडायचं असलं की निरोप तुमच्यापर्यंत येतो. नसलं तर तुम्ही वर्षभर खेटे घातले तरी काही हलत नाही. म्हणजे भेट ठरली याचा अर्थच असा की त्याला तुमची गरज आहे. हे ध्यानात ठेवून काम करणं अवघड. आणि त्याहून अवघड म्हणजे तुम्हाला तिथवर नेणाऱ्या माणसाला, ज्यांच्या ओसरीवर तुम्ही रात्र काढली त्या घराला, वाटेतल्या पाड्यांना तुमच्या बातमीची झळ लागू न देणं. आपण काम उरकलं की एसटीत बसून परत येतो. ती माणसं तिथंच असतात. किनवटकडच्या एका वयस्क कोलाम आदिवासी माणसानं मला अगदी सुरुवातीला सांगितलं होतं, "ताई, तुमी लिहून जाताल. मागून पोलीस येतेत, जंगलातले बी येतेत. जबाब आमालाच द्यावा लागतो." पुढं जे सांगते ते सगळं या बोलण्याला धरून आहे.

मराठवाड्यातल्या मुलांना वाटतं हा विषय गडचिरोलीचा, आपला नाही. आपल्याकडं दुष्काळ, ऊसतोड, आरक्षणाची आंदोलनं. पण नांदेडहून आदिलाबादच्या गाडीत बसा, मुदखेड, भोकर, हिमायतनगर मागं पडलं की किनवटच्या आसपास सागाचं रान सुरू होतं आणि ते राज्याची हद्द बघून थांबत नाही. गोंड, कोलाम, आंध, बंजारा यांची वस्ती दोन्ही बाजूंना, सोयरिकी दोन्ही बाजूंना. कोंडापल्ली सीतारामय्यांनी १९८० साली पीपल्स वॉर हा नक्षलवादी गट काढला आणि त्याची दलं, म्हणजे सशस्त्र तुकड्या, आदिलाबादच्या जंगलात फिरू लागली. अशा तुकडीला 'दलम' म्हणतात. पुढच्याच वर्षी, २० एप्रिल १९८१ रोजी, उटनूरच्या वाटेवरच्या इंद्रवेल्लीत जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा, लोकांचा आकडा त्याच्या कितीतरी पुढचा. किनवटचा भाग सरकारी कागदांत पुढं कित्येक वर्षं नक्षलग्रस्त म्हणून ओळखला जायचा. इंद्रवेल्ली समजून न घेता या पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या दलम सदस्याची मुलाखत घ्याल, तर तो काय बोलतोय यातलं निम्मं तुमच्या डोक्यावरून जाईल.

आपली या विषयाशी ओळख त्याहूनही जुनी आहे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करायचा. हैदराबाद संस्थानात रझाकारांविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाह खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये, पोलीस कारवाईच्या काही आठवडे आधी, हैदराबादेत भर रस्त्यात खून झाला. उर्दू पत्रात, मुस्लिम संपादकानं, संस्थान भारतात विलीन करा असं लिहिलं म्हणून. सशस्त्र संघटनेबद्दल लिहिणं म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या पत्रकारानं सगळ्यात आधी त्यांच्याकडून शिकावं.

आणि सगळेच नेते जंगलात नसतात. २००६ च्या मे महिन्यात वेरूळ परिसरात शस्त्रसाठा पकडला गेला आणि त्या प्रकरणात बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या जबिउद्दीन अन्सारीचं नाव पुढं आलं. त्यानंतर राज्यभरातले कॅमेरे गेवराईत येऊन उभे राहिले. अशा वेळी तुमच्या वाट्याला नेता येत नाही, त्याचं घर येतं. दार लावून बसलेली आई, शाळेत न जाणारी भावंडं, "आम्ही त्यांना ओळखतच नाही" म्हणणारे शेजारी. त्या दारावर माइक घेऊन उभं राहताना पाळायचे नियम आणि जंगलात पाळायचे नियम यांत मला काही फरक वाटत नाही. घरच्यांवर गुन्हा नसेल तर त्यांचा चेहरा आणि गल्लीची ओळख दाखवू नका.

निघण्याआधीचं काम

आझाद म्हणून ओळखला जाणारा माओवाद्यांचा प्रवक्ता चेरुकुरी राजकुमार १ आणि २ जुलै २०१० च्या मधल्या रात्री आदिलाबाद जिल्ह्याच्या जंगलात मारला गेला. त्याच्यासोबत हेमचंद्र पांडे नावाचा उत्तराखंडचा तरुणही मारला गेला. पोलीस म्हणाले, दोघंही माओवादी, चकमकीत मेले. पांडेचे कुटुंबीय आणि सहकारी म्हणाले, तो पत्रकार होता, लेख लिहायचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, सीबीआयनं चकमक खरी असल्याचा निष्कर्ष दिला, आणि वाद करणाऱ्यांचा वाद काही मिटला नाही. किनवटहून ते रान काही लांब नाही. त्या बातमीनंतर मी एक गोष्ट कधी चुकवली नाही. संपादकाचं सहीशिक्क्याचं पत्र: ही आमची प्रतिनिधी आहे, या विषयावर वार्तांकनासाठी अमुक काळात या भागात जात आहे. एक प्रत सोबत, एक वकिलाकडं, एक घरी.

यात आपल्याकडची खरी अडचण अशी की तालुक्याच्या वार्ताहराला असं पत्र कुणी देत नाही. त्याला बातमीमागं मिळते ती रक्कम सांगायलाही लाज वाटावी अशी, वर्धापन दिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करण्याचं टार्गेट मात्र त्याच्याच डोक्यावर, आणि अधिस्वीकृतीपत्रिका, म्हणजे पत्रकार असल्याचं सरकारी ओळखपत्र, मिळणारे थोडेच. अशा मुलाला डेस्कवरून कुणी सांगितलं की "बघ ना, एखादी एक्स्क्लुझिव्ह मुलाखत मिळते का", तर त्यानं पहिल्यांदा लेखी पत्र मागावं. दिलं नाही तर जाऊ नये. मी हे फार विचार करून लिहिते आहे. पत्र देण्याची तयारी नसलेलं कार्यालय तुम्ही ठाण्यात बसलेले असताना फोन उचलणार नाही.

कायदा वाचा, आणि स्वतः वाचा. यूएपीए या बेकायदा कारवायांना आळा घालणाऱ्या १९६७ च्या कायद्याखाली भाकप (माओवादी), म्हणजे नक्षलवाद्यांचा पक्ष, २००९ पासून दहशतवादी संघटनांच्या यादीत आहे. मुलाखत घेणं हा स्वतःहून गुन्हा आहे असं त्या कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. पण कलम ३८ आणि ३९ मध्ये सदस्यत्व आणि समर्थन यांची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की निरोप पोचवणं, बैठक जुळवून देणं, औषधं किंवा बॅटऱ्या नेऊन देणं यातलं काहीही त्यात ओढता येतं. कलम ४३ डी (५) मुळं जामीन मिळणं फार कठीण. कलम ४३ एफ खाली तपास अधिकारी कुणाकडूनही माहिती मागू शकतो आणि न देणं हाही गुन्हा. नवख्यांना वाटतं की पत्रकाराला सूत्राचं नाव लपवण्याचा हक्क असतो. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५ (२) नं तशी मुभा दिली आहे खरी, पण ती फक्त कौन्सिलपुढच्या कामकाजापुरती. फौजदारी न्यायालयात ती चालत नाही. त्यात जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळानं विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, त्याला पत्रकार संघटनांनीही विरोध केला होता. तेव्हा निघण्याआधी फौजदारी काम करणाऱ्या एखाद्या वकिलाकडं तासभर बसा. ओळखीच्या दिवाणी वकिलावर भागवू नका.

काश्मीरमधले आसिफ सुलतान आठवा. २०१८ च्या जुलैत त्यांनी हिजबुल मुजाहिदीनचा कमांडर बुरहान वानी याच्यावर मोठा लेख लिहिला, ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली आणि पुढची कित्येक वर्षं तुरुंगात गेली. किंवा तामिळनाडूतले 'नक्कीरन'चे गोपाल. चंदनतस्कर वीरप्पनपर्यंत पोचलेल्या मोजक्यांत त्यांचं नियतकालिक होतं. २००० साली अभिनेते राजकुमार यांचं अपहरण झालं तेव्हा सरकारांनीच त्यांना मध्यस्थ म्हणून जंगलात पाठवलं. त्याच गोपाल यांना २००३ मध्ये 'पोटा' या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. सरकार आज तुम्हाला निरोप्या म्हणून वापरेल, उद्या त्याच ओळखीचा पुरावा करेल. म्हणून माझा नियम: कुठल्याच बाजूचा निरोप न्यायचा नाही. पोलिसांचाही नाही. जीव वाचवण्याचा प्रसंग असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही संपादक आणि वकील दोघांना आधी सांगून.

मधला माणूस

डॅनियल पर्ल हा 'वॉल स्ट्रीट जर्नल'चा दक्षिण आशियाचा प्रतिनिधी. मुंबईत राहायचा, तिथूनच पाकिस्तानात ये-जा करायचा. जानेवारी २००२ मध्ये त्याला एका धार्मिक नेत्याची मुलाखत हवी होती. ती जुळवून देतो म्हणणारा 'बशीर' म्हणजे ओमर शेख हा दहशतवादी होता. २३ जानेवारीला कराचीत पर्ल भेटीला गेला तो परत आला नाही. तो सावध पत्रकार होता, जाण्याआधी त्यानं लोकांचा सल्लाही घेतला होता. तरी मधला माणूस खोटा निघाला.

म्हणून मध्यस्थाची पारख हा या कामाचा कणा आहे. माझी रीत साधी आहे. नेत्याच्या भेटीचं नाव काढण्याआधी त्या माणसाबरोबर दुसऱ्याच विषयांवर काम करायचं. तेंदूपत्त्याची मजुरी, वनहक्काचे अडकलेले दावे, रेशन, शाळेला नसलेला मास्तर. या बातम्या स्वतःसाठीही मोलाच्या असतात, आणि त्यात माणूस कळतो. तो सांगतो ते जागेवर गेल्यावर खरं निघतं का? गावात त्याला बघून बायका बोलायच्या थांबतात का? एका भेटीत 'साहेबांशी गाठ घालून देतो' म्हणणारा माणूस आला तर चहा पाजून पाठवून द्या.

त्याला पैसे द्यायचे का, हा प्रश्न नेहमी येतो. त्याचा दिवस मोडतो, मोटारसायकलचं पेट्रोल जळतं, ते द्यायलाच हवं. मजुरीच्या दरानं द्या आणि स्वतःच्या वहीत खर्च म्हणून मांडा, पण वहीत त्याचं नाव नको. भेट घडवून दिल्याचं बक्षीस म्हणून मोठी रक्कम कधीही देऊ नका. पुढच्या वेळी तो भेट घडवण्यासाठी काहीतरी घडवील, आणि ती रक्कम संघटनेला दिली असं उद्या कुणीही म्हणेल.

बायलाइन छापून येते तुमची, श्रेय तुमचं, पुरस्कार तुमचे. त्याचं नाव कुठंच नसतं आणि असूही नये. बातमी छापण्याची तारीख ठरवण्याआधी त्याला विचारा. त्याच्या घरी लग्न असेल, गावात पोलिसांचा कॅम्प लागलेला असेल, तो म्हणेल महिनाभर थांबा. थांबा. माझ्या एका संपादकांनी अशा विनंतीवरून पहिल्या पानाची बातमी मागं ठेवली होती, आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवसापासून आहे.

वाटेत

कपड्यांबद्दल एवढंच: हिरवट, खाकी, लष्करी छापाचं काही नको. लांबून बघणाऱ्याला तुम्ही कुठल्याच बाजूचे वाटता कामा नये. मी पिवळी किंवा लाल ओढणी घेते. मच्छरदाणी, ओआरएस, मलेरियाची तपासणी परत आल्यावर न चुकता. मुलींनी पॅड आणि वापरलेले परत आणण्यासाठी कागदी पिशव्या ठेवाव्यात. तिथं विकत काही मिळत नाही आणि मागं काही टाकून यायचं नसतं.

पोलिसांच्या गाडीतून किंवा मोटारसायकलींच्या ताफ्यातून जाऊन त्याच दौऱ्यात दुसऱ्या बाजूची मुलाखत घेऊ नका. दूरदर्शनचे कॅमेरामन अच्युतानंद साहू ३० ऑक्टोबर २०१८ रोजी दंतेवाड्यात नीलावायाजवळ माओवाद्यांच्या हल्ल्यात मारले गेले, ते निवडणुकीच्या वार्तांकनासाठी पोलीस पथकासोबत निघाले होते. हल्ला करणाऱ्यांनी नंतर पत्रक काढून सांगितलं की पत्रकार आमचं लक्ष्य नव्हते. गेलेला माणूस परत येत नाही.

फोन घरी ठेवा. सोबत नेऊन बंद केलेला फोनही शेवटचा कुठल्या टॉवरला होता हे सांगतो, आणि तुम्ही त्या माणसाला जिथं भेटलात तिथंच दोघांचे फोन एकदम बंद झाले तर हिशोब लावायला वेळ लागत नाही. घरच्यांशी आधी ठरवून ठेवा: अमुक दिवसापर्यंत काही कळलं नाही तर आधी संपादकांना, मग वकिलांना कळवायचं.

कॅमेरा

९ सप्टेंबर २००१ रोजी अफगाणिस्तानच्या तखार प्रांतात तालिबानविरोधी सेनानी अहमद शाह मसूदला पत्रकार असल्याचं सोंग घेतलेल्या दोघांनी मारलं. कॅमेऱ्याच्या साहित्यात स्फोटकं होती. तिथं हजर असलेला खरा पत्रकार फहीम दश्ती भाजून जखमी झाला, भारतातले अफगाण राजदूत मसूद खलीली जबर जखमी झाले. त्या दिवसानंतर जगभर सशस्त्र नेत्यांचे अंगरक्षक कॅमेऱ्याकडं ज्या नजरेनं बघायला लागले ती अजून तशीच आहे. एप्रिल २००२ मध्ये श्रीलंकेतल्या किलिनोच्चीत तमिळ वाघांचा (एलटीटीई) नेता प्रभाकरन यानं पत्रकार परिषद घेतली तेव्हा शेकडो पत्रकारांची आणि त्यांच्या साहित्याची तासन् तास झडती झाली. तुमचीही होईल. चिडू नका. साहित्य कमीत कमी न्या: एक कॅमेरा, एक छोटी लेन्स, दोन बॅटऱ्या, कोरी कार्डं. बॅटरी काढून दाखवा, लेन्स काढून दाखवा, आधी त्यांच्यासमोर जमिनीचा एक फोटो काढून दाखवा. लांबलचक टेलिफोटो लेन्स झाडीतून बघणाऱ्याला बंदुकीसारखी दिसते, ती नकोच.

अटी आधीच ठरवून घ्या, आणि मोघम नको. चेहरा दिसणार की नाही? आवाज जसाच्या तसा की बदलून? बाकीचे सदस्य? माओवादी नेता किशनजी कॅमेऱ्याकडं पाठ करून, डोक्यावरून गमछा घेऊन, खांद्यावर रायफल अडकवून मुलाखती द्यायचा. ती पाठमोरी छबीच त्याची ओळख बनली. प्रतिमा कशी हवी हे त्यानं स्वतः ठरवलं होतं, हे विसरू नका. तुमच्यापुढंही पोरं रांगेत उभी राहतील, बंदुका वर करतील, एखादी मुलगी नेमकी पुढं आणली जाईल. काढा तो फोटो, पण ओळीत लिहा की हा फोटो छायाचित्रकारासाठी उभं राहून काढलेला आहे. मी मात्र त्या रांगेपेक्षा जेवण चाललेलं असताना, कुणी बूट शिवत असताना काढलेले फोटो जास्त जपते. आणि वय कमी दिसणाऱ्या मुलाचा चेहरा नेत्यानं परवानगी दिली तरी छापायचा नाही. ती परवानगी देणारा तो कोण?

स्वतः बंदुकीला हात लावू नका. तिच्यासोबत सेल्फी तर नाहीच. ठाण्यातल्या टेबलावर तो फोटो पुरावा म्हणून समोर आला की संपादकांचं पत्रही उपयोगी पडत नाही.

आता मागची बाजू, जिकडं नव्या पोरांचं लक्षच नसतं. फोटोत नेता मधोमध असतो आणि गाव कडेला. हातपंपावर रंगवलेला क्रमांक, विजेच्या खांबावरचा आकडा, घरकुलाच्या भिंतीवरची योजनेची पाटी, शाळेचं नाव, मागच्या डोंगराची धार, विहिरीचा वेगळा कठडा. स्थानिक माणूस यातल्या एकावरूनही गाव ओळखतो, आणि पोलिसांकडं स्थानिक माणसं असतातच. माझ्या माहितीतल्या एका छापील फोटोत कोपऱ्यात एक दार आलं होतं, निळ्या रंगाचं, वर घोड्याची नाल ठोकलेलं. त्या घरातल्या म्हाताऱ्याला पुढं कित्येक दिवस ठाण्याच्या चकरा माराव्या लागल्या. फोटो उत्तम होता, कौतुकही झालं होतं. म्हणून मूळ फाइल डेस्ककडं पाठवूच नका. डेस्कवरचा माणूस रात्री पानाच्या घाईत असतो, त्याला तो पंप दिसणार नाही. तुम्ही स्वतः कापा, स्वतः अंधूक करा, मगच पाठवा. फाइलमधली जागेची आणि वेळेची नोंद पुसा. डिसेंबर २०१२ मध्ये लपून बसलेल्या, अँटिव्हायरसमुळं नाव झालेल्या जॉन मॅकॅफीचा ठावठिकाणा ग्वाटेमालात असल्याचं एका मासिकानं छापलेल्या फोटोतल्या याच नोंदीवरून उघड झालं होतं.

प्रश्न

"तुम्ही शस्त्र का घेतलं?" हा प्रश्न पहिला विचारलात की भाषण सुरू होतं, आणि ते भाषण त्यांच्या पत्रकात आधीच छापलेलं असतं. मी घटनेपासून सुरुवात करते. अमुक महिन्यात अमुक गावात एका माणसाला खबरी म्हणून मारलं. निर्णय कुणी घेतला? त्याला बाजू मांडू दिली का? त्याच्या बायकोला कुणी जाऊन काय सांगितलं? तेंदूच्या ठेकेदारांकडून या हंगामात किती घेतलं आणि ते कुठं गेलं? त्यासाठी आधी त्या मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन या. त्याची बायको काय म्हणते ते ऐकलेलं असलं की समोरच्याच्या बोलण्यातला बनाव लगेच कळतो. मी एका नेत्याला असं विचारलं तेव्हा तो इतका वेळ धो धो बोलणारा माणूस गप्प झाला आणि शेजारच्याकडं बघायला लागला. त्याला ते नावच आठवत नव्हतं. मी बातमीत तेवढंच लिहिलं, त्याच्या दीड तासाच्या भाषणातलं एक वाक्य घेतलं आणि बाकी सोडलं.

किलिनोच्चीत प्रभाकरनला राजीव गांधींच्या हत्येबद्दल विचारलं गेलं. तो म्हणाला, ती दुःखद घटना होती. त्यापुढं काही नाही. कबुली नाही, नकारही नाही. पण प्रश्न विचारला गेला म्हणून ते टाळणं जगानं पाहिलं. उत्तर मिळालं नाही तरी प्रश्न छापा, आणि त्यावर काय झालं ते छापा.

भाषेबद्दल मी जास्त आग्रही आहे. नेता हिंदी किंवा तेलुगू बोलतो, पण त्याच्या दलातली पोरं गोंडी बोलतात, आणि मधला दुभाषा त्यांचाच असतो. एकदा एका तरुण सदस्य मुलीला मी विचारलं, कशी आहेस? ती बराच वेळ बोलली. दुभाष्यानं सांगितलं, "संघटनेत खूश आहे म्हणते." परत आल्यावर आदिलाबादकडच्या एका गोंडी जाणणाऱ्या शिक्षिकेला मी ते रेकॉर्डिंग ऐकवलं. ती मुलगी सांगत होती की आईला बघून बरीच वर्षं झाली, बहिणीच्या लग्नाला जाता आलं नाही, आणि पाठ इतकी दुखते की रात्री कूस बदलता येत नाही. त्या सगळ्या दौऱ्यात माझ्या हाती लागलेलं सगळ्यात खरं बोलणं ते होतं. मी ते तेव्हा छापलं नाही. त्या गटात तेवढ्या वयाची ती एकटीच होती. वाचणाऱ्यांत तिच्या संघटनेची माणसंही असतात. त्यावरून डेस्कशी माझा वाद झाला आणि आजही तो प्रसंग आला तर मी तोच वाद घालेन. दुसरीकडचा, ओळखीतला पण त्यांच्याशी संबंध नसलेला भाषांतरकार आधीच ठरवून ठेवा. तो संपूर्ण रेकॉर्डिंग ऐकेल तेव्हाच मुलाखत पुरी झाली असं समजा.

काही जण म्हणतात, अशा माणसांच्या मुलाखती घ्यायच्याच कशाला, त्यांना व्यासपीठ मिळतं. ब्रिटनमध्ये १९८८ ते १९९४ या काळात उत्तर आयर्लंडमधली सशस्त्र संघटना आयआरए आणि तिच्याशी जोडलेला शिन फेन पक्ष यांच्या लोकांचा आवाज प्रसारित करायला सरकारनं बंदी घातली होती. वाहिन्यांनी नट आणले आणि त्यांच्याकडून तीच वाक्यं बोलवून घेतली. बंदी मागं घ्यावी लागली, आणि ज्यांच्यावर ती होती त्यांच्याशी पुढं वाटाघाटी करूनच शांतता करार झाला. मला वाटतं, समाजाला ज्याच्याशी लढायचं किंवा बोलायचं आहे तो माणूस कोण आहे हे कळलंच पाहिजे. त्यासाठी एकट्या नेत्याची मुलाखत मात्र पुरत नाही. ज्यांनी माणूस गमावला ती घरं, चकमकीत गेलेल्या जवानाचं घर आणि पोलीस अधीक्षकांचं म्हणणं त्याच पानावर हवं. अधीक्षकांना फोन करा, पण तुम्ही आणि तुमचा वाटाड्या दोघंही सुखरूप घरी पोचल्यानंतर, आणि छापण्याआधी.

परत आल्यावर

बोलावणं येतं. नेहमीच नाही, पण तयारी ठेवा. लेखी नोटीस मागा, वकिलासोबत जा, जेवढं छापलं आहे तेवढं माझं आहे एवढंच सांगा. वहीतली नावं पहिल्यापासूनच खुणेनं लिहिलेली असावीत. फोन, लॅपटॉप जप्त करायला आले तर पंचनाम्याची प्रत मागा. गावातल्या माणसांना त्या काळात फोन करू नका, कितीही काळजी वाटली तरी.

धोका नेहमी जंगलातूनच येतो असंही नाही. एप्रिल २०२१ मध्ये छत्तीसगडमधल्या बिजापूरजवळच्या चकमकीनंतर माओवाद्यांनी पकडून नेलेल्या राकेश्वर सिंह मनहास या जवानाला सोडवून आणताना जे स्थानिक पत्रकार पुढं होते त्यांत मुकेश चंद्राकर हा तरुण होता. बंदूकवाल्यांच्या गोटात जाऊन तो परत आला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा मृतदेह एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये सापडला. त्या ठेकेदाराच्या रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराची बातमी झाली होती. गोदाकाठी वाळूच्या बातम्या करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सध्या जंगलात जाऊन भेट घेण्याची वेळ कमीच येईल. मे २०२५ मध्ये माओवाद्यांचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला. ऑक्टोबरमध्ये किशनजीचा धाकटा भाऊ मल्लोजुला वेणुगोपाल राव, म्हणजे भूपती, गडचिरोलीत ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढं शरण आला. नव्या पत्रकारांना नेते भेटतील ते बहुधा अशा कार्यक्रमांत, न्यायालयाच्या आवारात, पुनर्वसनाच्या वसाहतीत. तिथं मंच पोलिसांनी मांडलेला असतो, जसा जंगलात दलमनं मांडलेला असतो. फोटो कुणी कसा उभा करून काढला हे तिथंही लिहा. मुलाखत चालू असताना खोलीत कोण अधिकारी बसले होते हे पहिल्याच परिच्छेदात सांगा. जंगलात विचारले तेच प्रश्न विचारा: त्या खबरी ठरवलेल्या माणसाचं काय, ते तेंदूचे पैसे कुठं गेले. आणि शरण आलेल्या साध्या सदस्याचं गाव छापू नका, कारण त्याच्या घरच्यांना तिकडं दोन्हीकडून विचारणा होते. त्याला एकट्यानं बोलता येईल अशी वेळ यायला काही महिने जातात. तोवर गोंडी शिकायला घ्या. किनवट आणि उटनूरच्या आठवडी बाजारात बसलात तर शिकवणारी माणसं भेटतात.